कासोट्यापासून स्कर्टपर्यंत

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझी नात आठवीत आहे. तिच्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात प्रत्येक हाउसचं एक ‘चीअर स्क्वॉड’ असतं. हातात चमचमत्या पट्ट्यांचे गोंडे घेऊन, तालावर उड्या मारत आपल्या हाउसला जोर द्यायचा, असं त्याचं स्वरूप. नातीची त्यात निवड झाली, दोन महिने तालीम झाली आणि मग एके दिवशी ड्रेस घरी आला. प्लेट्सचा आखूड स्कर्ट आणि बिनबाह्यांचा टॉप. तिच्या बाबांनी तो पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला, “हे घालून मैदानात जायचं नाही.”

रडारड झाली. रात्री ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “आजी, खो-खोच्या टीममध्ये मी हाफ पँट घालते, ती बाबांना चालते. मग हा स्कर्ट का चालत नाही? दोन्ही तेवढेच तर आहेत!”

प्रश्न बिनतोड होता. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. नंतर जुनी पुस्तकं काढली, आठवणी उकरल्या. तेव्हा लक्षात आलं, की आपल्या घरांतल्या मुलींच्या अंगावर शाळेत आणि मैदानात काय असावं, हा वाद निदान पावणेदोनशे वर्षं चालू आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी तोच विषय घेतला आहे.

सुरुवात पुण्यापासून करावी लागेल. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला त्यात एक गोष्ट दिसते. सावित्रीबाईंच्या अंगावरचं लुगडं चारचौघींसारखंच होतं. त्यात आक्षेप घेण्यासारखं काहीही नव्हतं. आक्षेप त्या लुगड्यातली बाई शाळेकडे चालली होती याला होता, आणि डाग मात्र लुगड्यावर पडला. बाईच्या पोशाखावरच्या बऱ्याच भांडणांचं मूळ पोशाखात नसतं, ते असं.

दुसरी गोष्ट डॉ. आनंदीबाई जोशी यांची. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. जाण्यापूर्वी बंगालात असताना त्या पायांत बूट-मोजे घालून रस्त्यानं चालत, तेव्हा लोक हसत, टोमणे मारत. अमेरिकेत वेगळीच अडचण आली. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याण-पुण्यात त्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे, कारण कुलीन घरातल्या आज्याही तसंच नेसत. पण तिथल्या लोकांच्या नजरेत बाईचा घोटा दिसणं हीसुद्धा असभ्यता होती, शिवाय थंडीही कडाक्याची. तेव्हा आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीनं पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. गोपाळरावांना ते रुचलं नाही. म्हणजे पाहा, इकडचे लोक बूट घातले म्हणून नावं ठेवणार, तिकडचे पोटऱ्या दिसल्या म्हणून, आणि नेसण बदललं की घरचे. एकाच मुलीनं चार-पाच वर्षांत हे सगळं सोसलं, तेही विशी गाठता गाठता.

यातून एक समजतं. किती अंग दिसलं म्हणजे लाज, याचं माप कुठल्याही शास्त्रात ठरलेलं नाही. ते गावागावाचं वेगळं असतं. आपली नऊवारीच घ्या. तेच लुगडं देवघरात सोवळ्यात पूजा करणारी आजी नेसे, तेच शेतात निंदणी करणारी नेसे आणि तेच फडावरची कलावंतीणही नेसे. वस्त्र एक, नजरा तीन.

आणि नऊवारी ही मुळात हालचालीची नेसण आहे. कासोटा घातला की पाय मोकळे. घोड्यावर बसता येतं, विहिरीत उतरता येतं, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढता येतो. झाशीच्या राणीचा पुतळा आपण ज्या वेशात पाहतो, तो उगाच नाही. आपल्या महेश्वरची लुगडीसुद्धा अशा नेसणीसाठीच विणली जात. मग पायांत घोळणारी पाचवारी आली. निऱ्या समोर, खाली परकर, वर ब्लाउज, ही आजची सर्वमान्य पद्धत रुजवण्यात ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांचा मोठा वाटा. त्या १८६०च्या दशकात पतीबरोबर मुंबईला आल्या, पारशी स्त्रियांची नेसण पाहिली आणि तिच्यात फेरफार करून ती बंगालात नेली. हळूहळू ती देशभर पसरली. आपल्या घरांत ‘गोल पातळ’ शिरलं तेव्हा आज्या-पणज्यांनी त्याला फॅशन म्हणून नाकं मुरडली होती. माझ्या आईनं लग्नानंतर पाचवारी नेसायला घेतली, तेव्हा तिच्या सासूबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या. आज तीच पाचवारी कॉलेजच्या ‘ट्रॅडिशनल डे’ला परंपरा म्हणून मिरवते. एका पिढीचा आचरटपणा, तिसऱ्या पिढीची संस्कृती!

आता शाळेच्या गणवेशाकडे वळू. आपल्या उत्सवातही गणवेशाची हौस जुनीच. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला आणि मेळे निघू लागले, तेव्हा त्यांतली मुलं शिवकालीन मावळ्यांसारखा वेश करून, काठ्या-लेझीम घेऊन, कवायतीच्या शिस्तीनं चालत. एकसारखा पोशाख घातलेला जथा रस्त्यानं चालला की त्यात एक ताकद दिसते. सरकारलाही ती दिसली आणि १९१० च्या सुमारास मेळ्यांवर बंधनं आली. हे मेळे प्रामुख्यानं मुलग्यांचे. मुलींचा भाग आला तो नंतर, आणि कुरबुरीशिवाय आला नाही.

मुलींच्या अंगावर मैदानी गणवेश चढला तो शाळा, गाइड आणि एनसीसीच्या वाटेनं. गाइडची भारतातली पहिली तुकडी १९११ साली आपल्या शेजारच्या जबलपुरातच सुरू झाली, अर्थात तेव्हा ती युरोपीय मुलींपुरती होती. एनसीसीचा मुलींचा विभाग १९४९ मध्ये निघाला. आणि शाळांमध्ये परकर-पोलक्याची जागा घेतली ती ट्यूनिकनं. पांढरा ब्लाउज, वर निळं किंवा राखाडी ट्यूनिक, कमरेला पट्टा, दोन वेण्या, लाल फिती. आपल्यापैकी कितीजणींच्या कपाटात तो फोटो असेल!

या ट्यूनिकची जन्मकथा मला अलीकडे समजली आणि हसू आलं. आपण त्याला किती सोज्ज्वळ समजतो! पण ते जन्मलं व्यायामशाळेत. १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंच्या व्यायाम महाविद्यालयात मुलींना दोरावर चढायचं, उड्या मारायच्या, पण अंगावर घट्ट कॉर्सेट आणि पायघोळ झगे. तेव्हा तिथल्याच मेरी टेट नावाच्या विद्यार्थिनीनं हा सैल, बिनबाह्यांचा, आखूड झगा बेतला असं मानतात. म्हणजे जिला हालचाल करायची होती तिनंच तो शोधला. पुढे तो शाळांचा गणवेश झाला आणि साहेबाबरोबर इकडे आला.

ट्यूनिकच्या आत घालायच्या ‘ब्लूमर’चीही तीच कथा. पीटीच्या तासाला “ब्लूमर घातलं का?” असं बाई विचारत, तेव्हा आपल्याला काय ठाऊक, की हे एका बाईचं आडनाव आहे! अमेरिकेतल्या अमेलिया ब्लूमर यांनी १८५१ च्या सुमारास आपल्या नियतकालिकातून नव्या पोशाखाचा पुरस्कार केला. आखूड झगा आणि खाली तुर्की धाटणीची सैल विजार. गावोगाव टिंगल झाली, व्यंगचित्रं निघाली, काही वर्षांत त्यांनी स्वतःच तो वेश सोडला. पण पुढे सायकली आल्या आणि त्या चालवण्यासाठी बायकांनी तीच विजार पुन्हा शोधून काढली. गरज आली की टिंगल मागे पडते.

इथं माझी स्वतःची एक गोष्ट सांगायलाच हवी. मी ती आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

खो-खो हा आपल्या इंदूरच्या मराठी वस्तीचा जीव की प्राण. चिमणबागेच्या मैदानावर संध्याकाळी “खो!”चा आवाज घुमला नाही, असा दिवस नसे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचा गट १९६०-६१ साली कोल्हापुरात सुरू झाला आणि त्यानंतर दहा वर्षांत मुलींच्या खो-खोला गावोगाव बहर आला. मीही खेळत होते. पाठलाग बरा होता, खांबाजवळ चकवा तर फारच चांगला, असं आमचे सर म्हणत. १९७० साली मी नववीत गेले आणि संघासाठी हाफ पँट आणि बनियनसारखा शर्ट ठरला. तोवर आम्ही सलवार खोचून खेळत असू. घरी सांगितलं. वडील काहीच बोलले नाहीत. काकांनी विचारलं, “रस्त्यावरून जाणारे-येणारे बघतात, ते चालेल का?” आजीनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर गेले नाही. भांडले नाही, रडलेही नाही. त्या काळी असंच असे.

माझ्याबरोबरच्या दोघी-तिघी मात्र खेळत राहिल्या. त्यांच्या घरच्यांनाही लोक बोललेच असतील. पुढे वर्तमानपत्रात वाचलं, की १९७४ सालचा खो-खोचा अर्जुन पुरस्कार इंदूरच्या नीलिमा सारोळकर यांना मिळाला आणि १९८१ साली सुषमा सारोळकर यांना. दोन्ही वेळा ऊर भरून आला आणि दोन्ही वेळा घशात काहीतरी अडकलंही. मी त्यांच्या पायरीपर्यंत पोचले असते असा माझा दावा मुळीच नाही. पण मी कुठवर पोचले असते, हे मला कधीच कळणार नाही. एका हाफ पँटनं ते ठरलं. म्हणून हा विषय मला नुसता कपड्याचा वाटत नाही.

आता नातीच्या स्कर्टकडे येऊ. चीअरलीडिंग हा प्रकार अमेरिकन, हे आपल्याला माहीत आहे. पण त्याची सुरुवात मुलींनी केली नाही, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात फुटबॉलचा संघ सारखा हरत होता. तेव्हा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांकडून एका सुरात आरोळ्या वदवून घेतल्या. तो पहिला चीअरलीडर. पुढची पंचवीस वर्षं हे काम पुरुषांचंच होतं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर आणि धाकटे जॉर्ज बुश हेही विद्यार्थिदशेत चीअरलीडर होते. मुली आल्या १९२३ च्या सुमारास. सुरुवातीला त्यांचा वेश म्हणजे जाड स्वेटर आणि गुडघ्याखाली येणारा घेरदार स्कर्ट. दुसऱ्या महायुद्धात मुलगे आघाडीवर गेले आणि हे काम बहुतांशी मुलींचं झालं. मग व्यावसायिक फुटबॉल आणि टीव्ही आले. डॅलस काउबॉइज संघानं १९७२ मध्ये आपला नाचणारा ताफा आखूड पोशाखात मैदानात उतरवला आणि जगानं तेच चित्र धरलं. आरोळीला जोर देणारा माणूस मागे पडला, बघण्यासाठी उभी केलेली मुलगी पुढे आली. स्कर्ट किती इंच आखूड झाला त्यापेक्षा हा बदल मोठा आहे.

आपल्याकडे ते चित्र आलं १८ एप्रिल २००८ रोजी, आयपीएलच्या पहिल्या सामन्याबरोबर. बंगळूरच्या संघानं अमेरिकेहून चीअरलीडर आणल्या होत्या. लगेच गदारोळ उठला. महाराष्ट्राच्या गृहराज्यमंत्र्यांनी हे अश्लील असल्याचं म्हटलं आणि नवी मुंबईच्या सामन्यांत कपडे अधिक झाकणारे करण्यात आले. नंतर पुण्याच्या संघानं तोडगा काढला. परदेशी मुलींऐवजी भारतीय नर्तिका, अंगावर पारंपरिक नृत्याचा पोशाख. बऱ्याच जणांना हायसं वाटलं. आपल्या होळकर स्टेडियममध्येही २०११ साली कोचीच्या संघाचे आयपीएल सामने झाले, तेव्हा आपणही हे सगळं गॅलरीतून पाहिलं. पण विचार करा, कापड वाढलं, काठ-पदर आले, तरी त्या मुलींचं मैदानावरचं काम बदललं का? षटकार दुसऱ्यानं मारायचा आणि नाचायचं त्यांनी. वाद इंचांचा झाला आणि कामाचा प्रश्न तसाच राहिला.

उलट बाजूही आहे. २०११ साली जागतिक बॅडमिंटन महासंघानं मोठ्या स्पर्धांत महिलांनी स्कर्टच घालावा, असा नियम आणला. खेळ आकर्षक दिसावा, हे कारण. खेळाडूंनी हरकत घेतली आणि पुढच्याच वर्षी नियम मागे घ्यावा लागला. २०२१ च्या जुलैमध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघानं बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली, तर त्यांना १५०० युरो दंड झाला. पुरुष मात्र खुशाल चड्डी घालून खेळत होते. जगभर ओरड झाली आणि नियम बदलला. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट पायघोळ वेशात उतरल्या. म्हणजे कुठं मुलीला “झाक” म्हणून दटावतात, कुठं “दाखव” म्हणून दंड करतात. दोन्हीकडे हुकूम बघणाऱ्याचाच.

आपल्या देशात केरळनं एक वेगळी वाट दाखवली. तिथल्या वलयनचिरंगरा गावच्या प्राथमिक शाळेनं मुलगे-मुली सगळ्यांना एकच वेश दिला, शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट. उद्देश साधा, मुलींना बाकावर नीट बसता यावं, धावता यावं. पुढे २०२१ मध्ये बालुशेरीच्या मोठ्या शाळेनं शर्ट-पँट आणली, तेव्हा विरोध झाला, मोर्चेही निघाले. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो एका फटक्यात मिटावा अशी अपेक्षाही नाही.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला नातीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ती हाफ पँट घालते तेव्हा ती खेळते आहे. त्या कपड्याचं काम तिला पळू देणं हे आहे. स्कर्ट आला तेव्हा तिच्या बाबांना, नेमक्या शब्दांत सांगता आलं नाही तरी, वाटलं की हा कपडा तिच्यासाठी नाही, बघणाऱ्यांसाठी आहे. त्यांची शंका अगदीच चूक नव्हती. चूक होती ती निकाल देण्यात. माझ्या काकांनी १९७० साली जे केलं तेच त्यांनी केलं. बघणाऱ्यांचा विचार केला आणि घालणारीला विचारलंच नाही.

मी दोघांना समोर बसवलं. नातीला विचारलं, “तुला स्वतःला काय घालावंसं वाटतं?” ती म्हणाली, “आजी, खरं सांगू? उडी मारताना तो स्कर्ट सारखा सावरावा लागतो. आम्हा सगळ्यांनाच तो नको आहे. पण विचारतंय कोण?” मग मी तिला जॉनी कॅम्पबेलची गोष्ट सांगितली. तिनं ती दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना सांगितली. दहाजणींनी मिळून अर्ज लिहिला. स्कर्टऐवजी घोट्यापर्यंत लेगिंग, अर्ध्या बाह्यांचा हाउसच्या रंगाचा टी-शर्ट, आणि शेवटी एक ओळ, “स्क्वॉडमध्ये मुलगेही असावेत.” शाळेनं मान्य केलं. दोन मुलगे आलेही. पहिल्या दिवशी इतर मुलं त्यांना हसली, दुसऱ्या दिवशी आणखी एक मुलगा आला. नातीचे बाबा मैदानाच्या कडेला उभे राहून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

हे सगळं स्मरणिकेत लिहिण्याचं कारण असं. आपल्या मिरवणुकीत मुलींचं ढोल-लेझीम पथक असतं. शिवलेली नऊवारी, नथ, फेटा आणि गॉगल, फोटो फार सुंदर येतात. मलाही कौतुक आहे. पण गेल्या वर्षी भाद्रपदातल्या उकाड्यात चार तास कमरेला ढोल बांधून चालल्यावर दोघींना भोवळ आली, तेव्हा त्यांचा वेश कुणी ठरवला होता? बैठकीत आम्ही सगळी ज्येष्ठ मंडळी होतो. पथकातली एकही मुलगी नव्हती. मुलग्यांना मात्र सुती झब्बा-पायजमा! हेही आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

तेव्हा यंदा पोशाख ठरवताना तीन प्रश्न विचारावेत, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. यात वाजवता-नाचता-पळता येतं का? घालणारीला विचारलं का? आणि मुलींना जे सांगतो तेच मुलग्यांनाही सांगतो का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर नऊवारी असो, सलवार असो की ट्रॅक पँट, काही बिघडत नाही. नऊवारीच हवी असेल तर ती आपल्या पणज्यांसारखी सुती नेसू द्या, त्यांनी तिच्यात दिवस दिवस काम केलं आहे.

ढोल मुलींच्या कमरेला बांधायचा आहे, तर कपडाही त्यांनाच ठरवू द्या. पुढच्या बैठकीत त्यांच्यासाठी चार खुर्च्या ठेवा. पोह्यांचं मी बघते.

गणपती बाप्पा मोरया!